दूरस्थ वर्ग आणि गैरहजर गुरुजी : फ्लोरिडाचा अनुभव



अमेरिकेतील शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती हार्वर्ड-स्टॅनफर्डची. फार तर तेथे शिकायला गेलेल्या भाच्या-पुतण्यांच्या शुल्काची. पण तो देश ज्या शाळांवर उभा आहे त्या गावोगावच्या विनाशुल्क सार्वजनिक शाळांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सुमारे पाच कोटी मुले या शाळांत शिकतात. त्या चालवतात ती केंद्र सरकारची खाती नव्हेत, तर 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्थानिक संस्था. बहुतेक ठिकाणी तिचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते, घरा-जमिनीवरील कराचा मोठा वाटा तिच्याकडे जातो आणि मंडळाच्या बैठकीत कोणीही नागरिक उभा राहून आपले म्हणणे मांडू शकतो. एके काळी आपल्याकडे जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळा होत्या, त्यांची आठवण ज्येष्ठांना असेल. कल्पना साधारण तशीच, अधिकार मात्र कितीतरी मोठे.

या संस्थांमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षे एक वाद चालू आहे. शाळेच्या इमारतीत न येता संगणकावर शिकण्याची जी सोय डिस्ट्रिक्ट करून देते, तिचे मोल किती? ती मुलाच्या हिताची की हिशेबाच्या सोयीची? करोनाच्या काळात हा प्रश्न साऱ्या जगाच्या दाराशी आला. फ्लोरिडा राज्यात मात्र तो त्याआधी कितीतरी वर्षे ऐरणीवर होता. म्हणून आजचे विवेचन मुख्यतः फ्लोरिडाचे आहे.

प्रारंभी शब्दाविषयी थोडेसे. 'व्हर्च्युअल' या शब्दासाठी मराठीत 'आभासी' हा शब्द रूढ झाला आहे. आभास म्हणजे जे नाही ते असल्यासारखे दिसणे. म्हणजे नाव देतानाच आपण निकाल देऊन मोकळे झालो! खरे तर संगणकावरील वर्ग खराही असू शकतो आणि आभासीही. वर्ग कोणत्या जातीचा हे यंत्रावरून ठरत नाही, ते कशावरून ठरते ते पुढे येईलच. तूर्त 'दूरस्थ वर्ग' हा शब्द पुरेसा आहे.

ऑर्लँडोचा आरंभ

फ्लोरिडात ६७ काउंटी आणि तितकेच स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. १९९६च्या अखेरीस राज्याच्या शिक्षण खात्याने त्यांपैकी ऑरेंज आणि अलाचुआ या दोन डिस्ट्रिक्टना मिळून दोन लाख डॉलरचे अनुदान दिले आणि संगणकाच्या जाळ्यावर माध्यमिक शाळा चालवून पाहण्यास सांगितले. ऑरेंज म्हणजे ऑर्लँडो शहराचा भाग, अलाचुआ म्हणजे राज्य विद्यापीठाचे गाव गेन्सव्हिल. ऑगस्ट १९९७मध्ये शाळा सुरू झाली तेव्हा नोंदणी शंभराच्या आतच होती. हीच पुढे 'फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल' म्हणून नावारूपाला आली. २०००मध्ये तिला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व मिळाले आणि २०१२-१३पर्यंत वर्षाकाठी चार लाखांहून अधिक अर्धवार्षिक अभ्यासक्रम तेथून पूर्ण होऊ लागले.

या शाळेत आले कोण? ज्या खेड्यातील शाळेत उच्च गणिताला शिक्षकच नव्हता तेथील हुशार मुलगी आली. दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेला मुलगा आला. दिवसाचे पाच-सहा तास टेनिसच्या मैदानावर घालवणारा खेळाडू आला. एखाद्या विषयात नापास झाल्यामुळे पदवीला अडलेलेही आले. बहुतेकांनी आपली नेहमीची शाळा सोडली नव्हती. एखाददुसरा विषय ते येथे घेत आणि उरलेला दिवस गावच्या शाळेत काढत.

वर वर पाहता हा सगळा पडद्याचा खेळ वाटतो, पण शाळेची घडण पाहिली तर वेगळेच दिसते. येथे प्रत्येक विषयाला राज्याचे अध्यापन-प्रमाणपत्र असलेला, नावानिशी माहीत असलेला शिक्षक होता. त्याने महिन्यातून एकदा तरी घरी दूरध्वनी करून पालकांशी बोलावे असा दंडक होता. प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याशी प्रत्यक्ष बोलून तोंडी परीक्षा घेतली जाई. लिहून पाठवलेले उत्तर त्याचेच आहे ना, त्याला ते समजले आहे ना, याची खातरजमा होई आणि मगच तो पुढे जाई. आपल्या शाळांत शेवटच्या बाकावरचा मुलगा वर्षभर गुरुजींच्या नजरेला नजर न देता काढू शकतो. ऑर्लँडोच्या या भिंतीवाचूनच्या शाळेत ते शक्य नव्हते.

याहून महत्त्वाची गोष्ट पैशाची. फ्लोरिडात नेहमीच्या शाळांना पैसे मिळतात ते पटावर. ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत मुलांची मोजदाद होते आणि त्यावर निधी ठरतो. या दूरस्थ शाळेसाठी मात्र २००३च्या सुमारास निराळा नियम झाला. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला तरच शाळेला पैसे. अर्ध्यावर सोडला किंवा नापास झाला तर शाळेच्या पदरी काही नाही. सरकारी शिक्षणात असा नियम कोठे सहसा आढळत नाही. उत्तीर्ण केल्याशिवाय पैसे नाहीत म्हटल्यावर सढळ हाताने उत्तीर्ण करण्याचा मोह होणारच, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो पोकळ नाही. परंतु २०१४मध्ये मॅथ्यू चिंगोस आणि गुइडो श्वेर्ट या दोन अभ्यासकांनी याच शाळेत बीजगणित व इंग्रजी शिकलेल्या मुलांचे राज्य परीक्षेतील गुण तपासले. ही परीक्षा शाळा घेत नाही, राज्य घेते. नेहमीच्या वर्गातील मुलांच्या तुलनेत त्यांचे गुण तेवढेच किंवा किंचित सरस आढळले.

या यशामुळे स्थानिक डिस्ट्रिक्ट मात्र अस्वस्थ झाले, कारण विद्यार्थ्याने दूरस्थ विषय मागितला तर त्याला अडवण्याची मुभा कायद्याने त्यांना नव्हती. प्रत्येक दूरस्थ विषयामागे काही पैसा गावातून ऑर्लँडोकडे वाहू लागला, तेव्हा तक्रारी वाढल्या. २०१३मध्ये निधीचे सूत्र बदलले, दोघांनी एकाच मुलाचा एकच वाटा वाटून घ्यावा असे ठरले आणि त्या वर्षी या शाळेला आपल्या शेकडो कर्मचाऱ्यांना घरी पाठवावे लागले. २००८च्या कायद्याने आधीच प्रत्येक डिस्ट्रिक्टवर २००९-१०पासून स्वतःचा दूरस्थ कार्यक्रम उभा करण्याचे बंधन घातले होते. येथूनच खऱ्या वादाला तोंड फुटले.

खोली होती, शिक्षक नव्हता

मियामी-डेड हे त्या राज्यातील सर्वांत मोठे डिस्ट्रिक्ट. साडेतीन लाखांच्या घरात विद्यार्थी, त्यांत क्यूबा आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतील मुलांचे प्रमाण फार मोठे, आणि नऊ सदस्यांचे निवडून आलेले मंडळ. येथे २०१०-११ या वर्षी जे घडले ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

त्याची पार्श्वभूमी अशी. नोव्हेंबर २००२मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी थेट राज्यघटनेत दुरुस्ती करून वर्गातील मुलांच्या संख्येवर मर्यादा घातली. तिसरीपर्यंत १८, चौथी ते आठवी २२ आणि नववी ते बारावी २५. तत्कालीन गव्हर्नर जेब बुश यांचा याला विरोध होता. खर्च झेपणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पण लोकांनी ऐकले नाही. मर्यादा टप्प्याटप्प्याने आली आणि २०१०पासून ती प्रत्येक वर्गखोलीला लागू झाली. उल्लंघन झाल्यास दंड. नोव्हेंबर २०१०मध्ये ती शिथिल करण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदानास आला. निम्म्याहून अधिक मते पडली, पण आवश्यक ६० टक्के काही पडली नाहीत. म्हणजे मर्यादा कायम, शिक्षक तेवढेच, आणि तिजोरी २००८च्या मंदीने रिकामी.

यातून एक पळवाट सापडली. वर्गमर्यादेचा नियम शिक्षक असलेल्या वर्गखोलीला होता. दूरस्थ वर्गाला तो लागू नव्हता! मियामी-डेडच्या शाळांनी संगणकांच्या खोल्या उभ्या केल्या. एकेका खोलीत तीस-चाळीस मुले, प्रत्येकासमोर पडदा आणि पडद्यावर त्याच फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूलचे अभ्यासक्रम. खोलीत शिक्षक नाही. एक 'सहायक' असे. मुले शांत बसली आहेत ना, यंत्र चालते आहे ना, एवढे पाहण्याचे त्याचे काम. त्या वर्षी सात हजारांहून अधिक मुले अशा खोल्यांत शिकत होती आणि जानेवारी २०११मध्ये ही बातमी राष्ट्रीय वृत्तपत्रांतून झळकली. आपला तास अशा खोलीत आहे हे अनेक मुलांना शाळेच्या पहिल्या दिवशीच समजले होते.

प्रशासनाची बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करणे योग्य नव्हे. दंड भरावा तर तो मुलांच्याच पैशातून जाणार. शिक्षक नेमावेत तर पैसा नाही. मर्यादा मोडावी तर घटनाभंग. शिवाय ज्या शाळेत एखादा प्रगत विषय घ्यायला जेमतेम पाच-सात मुले, तेथे स्वतंत्र शिक्षक देणे कोणालाच परवडणारे नव्हते. हे सारे खरे. पण लोकांनी मत दिले होते ते मुलाकडे लक्ष द्यायला शिक्षकाला सवड मिळावी म्हणून. हाती आले ते काय? पंचविसांमागे एक शिक्षक हवा, हा नियम पाळण्यासाठी चाळिसांमागे एकही नको, अशी तोड निघाली. नियमाचे अक्षर राखले आणि प्राण घेतला. कागद सांभाळून काम बिघडवण्याची ही कला केवळ आपल्याच कचेऱ्यांना साधली आहे असे नव्हे, हे पाहून कोणाला समाधान वाटत असेल तर वाटो.

या प्रसंगातील खरी मेख वेगळीच आहे. अभ्यासक्रम तोच होता. ज्या पाठांवर खेड्यातील हुशार मुलगी उच्च गणित शिकली, तेच पाठ मियामीच्या खोलीतही चालत होते. दूरच्या टोकाला तोच प्रमाणपत्रधारक शिक्षकही होता. मग एके ठिकाणी ते शिक्षण का ठरले आणि दुसरीकडे ती मुले सांभाळण्याची सोय का झाली? एके ठिकाणी विद्यार्थ्याने विषय मागून घेतला होता, घरी कोणीतरी त्याच्या पाठीशी होते आणि दिवसाचे उरलेले तास तो माणसांच्या वर्गात होता. दुसरीकडे, आदल्या दिवसापर्यंत ज्याला कल्पनाही नव्हती अशा पंधरा वर्षांच्या मुलाला इंग्रजी किंवा इतिहासासारखा बोलून, वाद घालून शिकण्याचा विषय चाळीस गप्प मुलांच्या खोलीत एकट्याने उरकायचा होता. अभ्यासक्रमाच्या दर्जाची चर्चा त्या वर्षी पुष्कळ झाली, पण दोष त्यात नव्हताच.

शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांत २०११ आणि २०१२च्या उन्हाळ्यात झालेला एक प्रयोग याला पुष्टी देतो. नववीत बीजगणितात नापास झालेल्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. एका गटाने विषय संगणकावर पुन्हा घेतला, दुसऱ्याने समोर उभ्या शिक्षकाकडे. शिक्षकाच्या वर्गातील ७६ टक्के मुलांची नापासाची खोट भरून निघाली, संगणकाच्या वर्गातील ६६ टक्के मुलांची. जो आधीच मागे पडला आहे त्याला आणखी एकटे पाडले तर आणखी काय होणार? आणि नेमक्या अशाच मुलांसाठी हा स्वस्त मार्ग अमेरिकेत सर्वांत अधिक वापरला गेला.

शाई कोणाच्या बोटाला लावायची?

दूरस्थ वर्ग डिस्ट्रिक्टच्या हातून निसटून पूर्णवेळ खासगी व्यवस्थापनाकडे गेला तेथे चित्र अधिकच विदारक झाले. शेजारच्या नव्हे, पण फार दूरच्याही नसलेल्या ओहायो राज्यात २०००मध्ये 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो' नावाची संस्था निघाली. सरकारी पैशावर चालणारी, डिस्ट्रिक्टपासून स्वतंत्र, चार्टर पद्धतीची ही शाळा होती. पंधरा हजार विद्यार्थी सांगणारी ही शाळा राज्यातील अशा शाळांत सर्वांत मोठी ठरली. राज्याने २०१५-१६ची कागदपत्रे तपासली तेव्हा संस्था सांगत होती त्यांपैकी जेमतेम ४१ टक्के विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा पुरावा मिळाला. सहा कोटी डॉलर परत करा, असा आदेश निघाला.

संस्थेचा बचाव ऐकण्यासारखा होता. कायद्याने आम्ही वर्षाला ९२० तास शिक्षणाची 'सोय' द्यायची, विद्यार्थ्याने ती वापरली की नाही हे मोजण्याचे बंधन आमच्यावर नाही, असे वकिलांनी मांडले. जानेवारी २०१८मध्ये, वर्ष निम्म्यावर असताना, शाळा बंद पडली आणि सुमारे बारा हजार मुलांना नवी शाळा शोधावी लागली. ऑगस्टमध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल राज्याच्या बाजूने दिला.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना हा प्रकार अनोळखी वाटू नये. ऑक्टोबर २०११मध्ये राज्य शासनाने सलग तीन दिवस सर्व शाळांची पटपडताळणी केली, तेव्हा एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली होती आणि कागदावरच नांदणाऱ्या वर्गांचे बिंग फुटले होते. पण तेथे निदान मोजायला बोट होते. पडद्यापलीकडे कोण आहे, आहे की नाही, हे पाहायला कोणत्या गावचा शिक्षणाधिकारी जाणार?

पेनसिल्व्हेनियातील मिडलँडची गोष्ट तर कादंबरीला शोभावी. पोलाद कारखाना बसला, गाव ओस पडले आणि १९८०च्या दशकात तेथील हायस्कूलच बंद झाले. मुले राज्याची सीमा ओलांडून ओहायोत शिकायला जाऊ लागली. अशा गावातून २०००मध्ये 'पेनसिल्व्हेनिया सायबर' ही शाळा उभी राहिली, राज्यभरातून हजारो विद्यार्थी आले आणि त्यांच्यामागे त्यांच्या त्यांच्या डिस्ट्रिक्टमधून पैसा आला. गावाला नवी पालवी फुटली. पण संस्थापक निक ट्रॉम्बेटा यांनी शाळेच्या पैशांतील सुमारे ऐंशी लाख डॉलर आडवाटेने वळवल्याचे उघड झाले. करविषयक कटाचा गुन्हा त्यांनी २०१६मध्ये कबूल केला आणि २०१८मध्ये त्यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली. शाळा मात्र टिकली. अशा शाळांकडे वाहणारा पैसा थोपवण्यासाठी मग त्या राज्यातील अनेक डिस्ट्रिक्टनी आपापले दूरस्थ कार्यक्रम सुरू केले. म्हणजे हे कार्यक्रम केवळ शिक्षणाच्या ओढीने निघाले असे म्हणता येत नाही. त्यामागे घर राखण्याची धडपडही होती.

ऑक्टोबर २०१५मध्ये स्टॅनफर्डच्या 'क्रेडो' या संशोधन केंद्राने १७ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन येथील पूर्णवेळ दूरस्थ चार्टर शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तशाच मुलांच्या तुलनेत येथील मुले वाचनात ७२ दिवसांनी आणि गणितात १८० दिवसांनी मागे पडली. अमेरिकेत शाळेचे वर्षच मुळी साधारण १८० दिवसांचे असते! गुणांतील फरकाचे असे 'दिवसां'त रूपांतर करण्याच्या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि अशा शाळांत येणारी मुले आधीच अडचणीतून आलेली असतात, हेही खरे. तरीही त्याच वेळी 'मॅथेमॅटिका' संस्थेने केलेली एक नोंद साऱ्या आकडेमोडीपेक्षा बोलकी आहे. अशा शाळेत विद्यार्थ्याला आठवड्याभरात शिक्षकाचा जेवढा थेट सहवास मिळतो, त्याहून अधिक सहवास नेहमीच्या शाळेत एका दिवसात मिळतो. ऑर्लँडोच्या शाळेतील तोंडी परीक्षेचे आणि मासिक दूरध्वनीचे महत्त्व येथे कळते.

३१ ऑगस्ट २०२०

पुन्हा मियामी. करोनामुळे मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. नवे वर्ष सुरू होताना डिस्ट्रिक्टने 'माय स्कूल ऑनलाइन' हा कार्यक्रम आखला आणि त्यासाठी 'के-ट्वेल्व्ह' या खासगी कंपनीची प्रणाली घेण्याचे ठरवले. एक कोटी ५३ लाख डॉलरचा हा करार स्पर्धात्मक निविदा न मागवता केलेला होता. अधीक्षक होते अल्बर्टो कार्व्हालो. शिक्षकांना प्रशिक्षणासाठी मिळाले ते थोडेसे दिवस.

३१ ऑगस्टला, शाळेच्या पहिल्याच सकाळी, साडेतीन लाख मुलांचे दार उघडलेच नाही. संगणक-जाळ्यात बिघाड झाला होता आणि बाहेरून हल्लेही चालू होते. काही दिवसांत पोलिसांनी एकाला पकडले. तो निघाला त्याच डिस्ट्रिक्टच्या एका हायस्कूलमधील सोळा वर्षांचा विद्यार्थी! सहज मिळणाऱ्या साधनाने त्याने त्या आठवड्यात अनेक हल्ले केले होते. (वर्गावर बहिष्कार घालण्याचा हा आधुनिक प्रकार. पूर्वी मुले फार तर घंटेचा टोल पळवत.) शिक्षक मिळेल त्या साधनाने वर्ग घेऊ लागले. लहान मुलांच्या आया दिवसभर पडद्याशी झगडत राहिल्या.

९ सप्टेंबरला मंडळाची बैठक बसली. शेकडो निवेदने वाचली-ऐकली गेली, त्यांत शिक्षकांची सर्वाधिक. बैठक तेरा तासांवर चालली, मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदान झाले आणि कंपनीशी असलेला संबंध तोडण्याचा निर्णय झाला. कराराच्या कागदांवर सह्याच पूर्ण झालेल्या नव्हत्या, हेही या निमित्ताने पुढे आले.

या फजितीवर हसणे सोपे आहे. पण ही व्यवस्था दहा दिवसांत सुधारली कशी, याकडेही पाहावे. एका अर्धशिक्षित स्थलांतरित आईचे म्हणणे मंडळाच्या कार्यवृत्तात नोंदले जाऊ शकते, निवडून आलेल्या नऊ जणांना पहाटेपर्यंत बसून ते ऐकावे लागते आणि बलाढ्य कंपनीला दार दाखवता येते, ते शाळा कोणाच्या मालकीची आहे हे स्पष्ट असल्यामुळे. ओहायोत तसे नव्हते. तेथे पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला. आपल्याकडे शाळा व्यवस्थापन समित्या कायद्याने आहेत. त्यांच्या बैठका किती वेळ चालतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

करोनाकाळाचा पुढचा हिशेब सर्वांसमोर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत २०१९ आणि २०२२ यांच्या दरम्यान आठवीच्या गणिताची सरासरी २८२वरून २७४वर आली, चौथीची २४१वरून २३६वर. १९९०पासून एवढी घसरण झाली नव्हती. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये वर्ग अधिक काळ दूरस्थ राहिले तेथे नुकसान सामान्यतः अधिक झाले, आणि त्यांतही गरीब वस्तीच्या शाळांत सर्वाधिक. शाळा लवकर उघडलेल्या ठिकाणीही घसरण झालीच, तेव्हा सारे खापर संगणकाच्या माथी फोडता येत नाही.

महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२०पासून नोव्हेंबर २०२१अखेरपर्यंत बंद होते. 'असर'च्या २०२१च्या पाहणीनुसार देशात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण फोन असलेल्या घरांतीलही २६ टक्के मुलांच्या हाती तो मुळीच पडत नव्हता. बापाबरोबर तो रानात किंवा कामावर जात होता. सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली'सारख्या कार्यक्रमांनी आणि ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात चार-चार मुले जमवून शिकवणाऱ्या शिक्षकांनी थोडीबहुत लाज राखली. २०२२च्या पाहणीत तिसरीतील, दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०.५ टक्क्यांवर आली होती. २०१८मध्ये ती २७.३ टक्के होती.

दुसऱ्या बाजूचीही नोंद हवी. या दोन वर्षांत काही मुले घरबसल्या फुलली. वर्गातील टवाळीला भिणारी, तोतरे बोलणारी, धड्याचा वेग ज्यांना आवरत नाही किंवा पुरत नाही, अशी ती मुले. अमेरिकेतील अनेक डिस्ट्रिक्टनी शाळा उघडल्यानंतरही अशांसाठी दूरस्थ वर्ग चालू ठेवले. त्यांच्या आईवडिलांना हा विषय 'मोबाइलचे दुष्परिणाम' या मथळ्याखाली गुंडाळता येणार नाही. कायमच्या आजारी मुलासाठी दूरस्थ वर्ग आणि नेहमीचा वर्ग यांच्यात निवड नसतेच. एकीकडे दूरस्थ वर्ग असतो आणि दुसरीकडे काहीच नाही.

आता आपल्या दाराशी येऊन ठेपलेला विषय. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा पंधरा हजारांच्या आसपास असल्याचे २०२३मध्ये सांगण्यात आले आणि त्यांच्या जागी समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला. त्याला डोंगरी भागांतून विरोध झाला, तो रास्त होता. सहा वर्षांच्या पोराने ओढा ओलांडून पाच मैल जायचे कसे? अशा वाडीवरच्या शाळेत एक-दोन शिक्षक पाचही इयत्ता सांभाळतात. तेथे विज्ञानाचा किंवा इंग्रजीचा एखादा तास दूरच्या जाणत्या शिक्षकाने पडद्यावरून घेतला तर ती मोठी मदत होईल, ऑर्लँडोने हेच दाखवून दिले. धोका आहे तो पुढच्या पायरीवर. पडदा आला म्हणून वाडीवरची शिक्षकाची जागा 'अतिरिक्त' ठरेल आणि त्या खोलीत मानधनावरचा एक सहायक बसवला जाईल. म्हणून असा कार्यक्रम गावात येईल तेव्हा पालकांनी ग्रामसभेत यंत्राची किंमत विचारत बसू नये. मंजूर शिक्षकसंख्येचा तक्ता मागवावा आणि कार्यक्रमापूर्वीचा व नंतरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. पडद्यावरच्या शिक्षकाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक शाळेच्या भिंतीवर लिहून घ्यावा, आणि मूल चार दिवस आले नाही तर घरी विचारपूस करण्याची जबाबदारी कोणाची, हे त्याच ठरावात नोंदवून घ्यावे.